गळा न विचारता

फोन विकत घ्यायला निघालेल्या माणसानं सोबत तंबोरा घ्यावा, हे फक्त मिरजेतच होऊ शकतं. धोंडिरामानं गवसणी घातलेला तंबोरा सांगलीच्या बसमध्ये दोन गुडघ्यांत उभा धरला होता. कंडक्टरनं याचं अर्धं तिकीट फाडू का म्हणून विचारलं. एरवी धोंडिरामानं त्याला चांगलं सुनावलं असतं, पण त्या दिवशी स्वारी खुशीत होती.

त्याच्या खिशात एक कागद होता. तो लिहायला लावला होता त्याच्या लेकीनं, अक्षतानं. ती मिरजेतल्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते आणि घरात शहाणपणा शिकवण्याचं कामही तिच्याकडेच असतं. तिचं म्हणणं असं, की दुकानात शिरलं की चार दिवे आणि चार रंग बघून माणूस कशाला आलो तेच विसरतो. म्हणून आपल्याला फोन कशासाठी पाहिजे ते घरी बसून लिहायचं, दुकानात तेवढंच तपासायचं, आणि जमत नसेल तर हात हलवत परत यायचं. तिला त्या दिवशी सुट्टी नव्हती. धोंडिरामानं सकाळभर डोकं खाजवून एकच ओळ लिहिली होती: तंबोऱ्याचा आवाज आहे तसा पलीकडे गेला पाहिजे.

बाकी त्याला काही नको होतं. इंदूरच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंना त्यांच्या वर्गासाठी सहा तंबोरे हवे होते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळं त्यांना मिरजेला येणं जमत नव्हतं, म्हणून व्हिडिओ कॉलवर ऐकून ठरवू म्हणाल्या. सहा तंबोरे म्हणजे धोंडिरामाचं वर्षभराचं काम. त्यात आजकालची पोरं मोबाइलमधला तंबोरा लावून रियाज करतात, त्यामुळं गिऱ्हाईक आटलेलं. आणि इंदूरच्या वर्गात आपले सहा तंबोरे वाजले तर आपलं नाव कुठल्या कुठं जाईल, याचा हिशोब तो भामाबाईला, म्हणजे आपल्या बायकोला, रोज नव्यानं ऐकवत होता.

ऐकून घेणं हीच त्याच्या धंद्याची रीत होती. कवठे महांकाळच्या बाजूच्या एका गावातून तो मिरजेला तंबोरे बनवणाऱ्या उस्तादांकडे शिकायला आला, त्याला चाळीस वर्षं झाली. उस्तादांनी त्याला भोपळा कापण्याच्या आधी एक गोष्ट शिकवली होती. गाणाऱ्याला समोर बसवायचं, सा लावायला सांगायचं, आणि मग तंबोऱ्याला हात घालायचा. बाप्याचा तंबोरा मोठा, बाईचा लहान, हे तर कुणीही सांगेल. पण दोन गळेही सारखे नसतात. सोलापूरच्या एका बड्या माणसानं ड्रायव्हरकडून रोख पैसे पाठवले होते, तर धोंडिरामानं पैसे आणि ड्रायव्हर दोन्ही परत धाडले. निरोप काय, तर आधी गळा आणा. बेळगावच्या एका मुलीला सर्दी झाली होती, तिला आठ दिवसांनी परत बोलावलं. लोक त्याला चक्रम म्हणत आणि तंबोरा त्याच्याकडूनच नेत.

नानासोचं मोबाइलचं दुकान सांगलीत भर बाजारात होतं. भिंतींना आरसे, माणसांपेक्षा दिवे जास्त. नानासो स्वतः गल्ल्याशी बसलेला, मनगटात कडं, दोन हातांत दोन फोन. धोंडिरामानं काचेवर कागद ठेवला आणि सांगितलं, की घेण्याआधी फोन चालू करून द्या, मी इथं तंबोरा छेडतो, तिकडं माझी लेक ऐकेल, आवाज नीट गेला तर घेतो. नानासोनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. हातातला चहाचा ग्लास त्यानं त्या कागदावर ठेवला.

"मामा, सील तोडलं की माल तुमचा," तो म्हणाला. "आन आवाजाचं काय इचारताय? ह्यात खरखर औषधालासुदिक न्हाई."

चार कॅमेऱ्यांचा एक चकचकीत डबा त्यानं पुढं सरकवला. दुकानातली पाचसात माणसं हसत होती, एका पोरीनं तंबोऱ्यासकट धोंडिरामाचा फोटो काढला. आता खरं तर उठायला पाहिजे होतं. पण एवढ्या लोकांसमोर उठलो तर ह्याला झेपत नाही म्हणतील, असं त्याच्या मनात आलं, आणि ज्या माणसानं चाळीस वर्षांत कुणाला न ऐकता तंबोरा नेऊ दिला नव्हता, त्यानं न ऐकता फोन घेतला. तेवढा कागद मात्र त्यानं ग्लासाखालून ओढून घेतला. त्यावर चहाचं गोल कडं उमटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता इंदूरच्या बाई फोनवर दिसल्या. धोंडिरामानं नवं धोतर नेसलं होतं. त्यानं सगळ्यात सुरेल तंबोरा मांडीवर घेतला, घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, जवारीचा दोरा सरकवून तारा बोलत्या केल्या आणि डोळे मिटून छेडायला लागला. सगळी खोली त्या नादानं भरून गेली. डोळे उघडले तर बाई कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. त्यांना बोटं हलताना दिसत होती, पहिला ठोका ऐकू येत होता, आणि मग सगळं विझत होतं. धोंडिरामानं दोरा काढून पुन्हा लावला. तीनदा लावला. त्याचं बोलणं मात्र पलीकडं अगदी स्वच्छ जात होतं, त्यामुळं दोष फोनचा असेल असं बाईंना वाटायचं कारणच नव्हतं. कळवते म्हणाल्या, आणि चार दिवसांनी कळवलं की दुसरीकडं सांगितलं आहे.

निरोप आला त्या संध्याकाळी अक्षतानं त्या फोनवरून आपल्या फोनवर कॉल लावला, आतल्या खोलीत जाऊन तंबोरा ऐकला आणि कपाळावर हात मारला. ते यंत्र माणसाचं बोलणं तेवढं वेचून घेत होतं आणि मागं एकसारखा चालू असलेला आवाज पंख्याची घरघर समजून पुसून टाकत होतं. तंबोऱ्याचा तर जन्मच एकसारखं वाजण्यासाठी. काही फोनांत हे पुसणं बंद करता येतं, ह्यात येत नव्हतं. दुकानात पाच मिनिटं वाजवून बघितलं असतं तरी कळलं असतं, असं ती म्हणाली, पण बापाचा चेहरा बघवत नव्हता. तिनं आपल्या फोनवरून बाईंना परत विनवलं, पण त्यांनी दुसऱ्याला कामाला लावलं होतं, आणि एकदा कानावर विश्वास बसला की गाणाऱ्या माणसाला समजावणार कोण?

धोंडिराम फोन घेऊन परत सांगलीला गेला. पैसे मिळणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. त्या माणसानं नुसतं चुकलं म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. दुकान गच्च भरलेलं होतं. नानासोनं फोन उलटासुलटा केला, कानाला लावला, आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"मामा, अख्खी सांगली ह्योच फोन वापरती. फोनात खोट न्हाई. तुमच्या भोपळ्यातच आवाज नसंल."

लोक खदाखदा हसले. धोंडिरामाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं फोन उचलला आणि तो बाहेर पडला. त्या एका वाक्यानं त्याचा बाप काढला असता तरी एवढं लागलं नसतं.

त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. चहाचं कडं उमटलेला कागद त्यानं कामाच्या जागी समोरच्या खिळ्याला अडकवला. घोडी घासताना तो नानासोला घासत होता, खुंटी पिळताना नानासोचा कान पिळत होता. दुकानाची काच फोडावी, दारात आठ दिवस तंबोरा वाजवत बसावं, असले बेत तो जेवताना भामाबाईला सांगायचा. ती म्हणायची, सोडून द्या, त्याला तुमचं नावपण ठाऊक नसंल. नेमकं तेच त्याला जास्त डाचत होतं.

आठ महिन्यांनी, जानेवारीतल्या एका सकाळी, त्याच्या दारात पांढरी गाडी थांबली आणि नानासो स्वतः खाली उतरला.

त्यानं धोंडिरामाला ओळखलं नाही. दिवसाला शंभर गिऱ्हाइकं बघणाऱ्याच्या लक्षात एक धोतरवाला कुठून राहायचा? तो खुर्ची ओढून बसला आणि आपणहून सगळं सांगून मोकळा झाला. त्याची मुलगी संयोगिता गाते. पुढच्या रविवारी सांगलीच्या नाट्यगृहात मोठी स्पर्धा आहे. तिथं मोबाइलचा तंबोरा चालत नाही, खराच लागतो. मुलीला सांगितलेलं नाही, त्या दिवशी सकाळी एकदम समोर ठेवून चकित करायचं. तेव्हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात नक्षीचा तंबोरा काढा, फोटोत उठून दिसला पाहिजे.

भामाबाई चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. ती वाट बघत होती नेहमीच्या प्रश्नाची. पोरगी केवढी, गळा कसला, घेऊन या तिला. धोंडिरामानं प्रश्न विचारला नाही. कोपऱ्यात सोलापूरच्या एका जाड आवाजाच्या बुवांसाठी केलेला, त्यांनी आजारपणामुळं न नेलेला, अंगभर वेलबुट्टीचा तंबोरा उभा होता. भोपळा एवढा, की कुठल्याही पोरीचा हात पलीकडं पोचायचा नाही. तारा जाड, बाप्याच्या सुराच्या. त्यानं तोच काढला, पुसला आणि नानासोच्या पुढं ठेवला.

नानासो खूश झाला. वाजवून दाखवू का, असं विचारावं लागलंच नाही, कारण तो वेलबुट्टीचे फोटो काढत होता. गवसणी बांधताना धोंडिराम हळूच बोलला.

"गवसणीची नाडी बांधली की माल तुमचा, बरं का."

नानासो म्हणाला, चालतंय की. हा टोला त्याला लागला नाही, पण धोंडिरामाला त्याची चव चांगली अर्धा दिवस पुरली. गाडी गेल्यावर भामाबाईनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"गळा इचारला न्हाईसा," ती म्हणाली.

तो म्हणाला, गिऱ्हाइकानं मागितलं ते दिलं. ती चहा परत घेऊन गेली.

रविवारी धोंडिराम धुतलेला सदरा घालून नाट्यगृहात जाऊन बसला. शेवटची रांग, कडेची खुर्ची. तो कागदही त्यानं खिशात आणला होता. इतक्या उत्साहानं तो स्वतःच्या लग्नालासुद्धा गेला नसेल.

संयोगिता स्टेजवर आली तेव्हा तंबोराच आधी दिसला आणि मागून ती. बारीक चणीची, घाबरी, निळा ड्रेस. तिच्या शेजारी म्हातारे गुरुजी बसले आणि खुंट्या पिळायला लागले. त्यांचा चेहरा बघून धोंडिराम मनात म्हणाला, पिळा, पिळा. गुरुजी तारा काळी चारकडं, म्हणजे बायकांच्या वरच्या सुराकडं, चढवत होते. तो गाठायला गेलं की त्या तारांचं मरण. गुरुजींनी अर्ध्यातच हात थांबवला आणि खाली पहिल्या रांगेत बसलेल्या नानासोकडं बघून मान हलवली. आयोजकांनी बाजूला ठेवलेला एक लहान तंबोरा कुणीतरी पुढं आणला, तर नानासोनं हातानंच नको म्हणून खूण केली. घरचा असताना दुसऱ्याचा कशाला? मग गुरुजींनी आणखी एक पीळ दिला, आणि पहिली तार तुटली. तिचा आवाज शेवटच्या रांगेत आला.

उरलेल्या तीन तारांवर सूर खाली घेतला. पोरीनं खाली सा लावला. तो लागला नाही. तिचा गळा वरचा, मोकळा असणार, हे धोंडिरामाला तिच्या पहिल्या श्वासातच कळलं. पण त्या खोल सुरात तो नुसता वारा झाला. तिनं पुन्हा प्रयत्न केला. पुढच्या रांगेतले दोघे कुजबुजले की पोरीला आवाजच नाही. पाच मिनिटांनी तिनं डोळे पुसले, नमस्कार केला आणि उठली.

धोंडिराम आनंदाची वाट बघत बसला. आता येईल, मग येईल. आठ महिने तो ह्याच घासासाठी उपाशी होता आणि घास तोंडात आला तर त्याला चवच नव्हती.

तेवढ्यात परीक्षकांनी माइकवर विचारलं, की हे वाद्य कुणाकडचं? गुरुजींनी तंबोऱ्याची दांडी फिरवली आणि मागं हस्तिदंती रंगात बसवलेली अक्षरं मोठ्यानं वाचली. धोंडिराम, मिरज.

प्रत्येक तंबोऱ्यावर नाव घालायची सवय. सुडाच्या भरात ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, नाव लक्षात ठेव, ह्या माणसाकडं जायचं नाही, ह्याच्या भोपळ्यात आवाजच नाही.

नानासो जे खोटं बोलला होता, ते धोंडिरामानं आपल्या हातानं भर सभेत खरं करून दाखवलं होतं. तो उठला. खुर्च्यांमधून वाट काढत, धोतर सावरत तो स्टेजवर चढला तेव्हा त्याला कुणी अडवलं नाही. त्यानं माइक हातात घेतला नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"तंबोऱ्यात खोट न्हाई. खोट माज्यात हाय. मी धोंडिराम. पोरीचा गळा न इचारता मी ह्यो तंबोरा दिला, आन जाणूनबुजून दिला."

मग तो खाली बसला, तीन तारा आणखी सैल करून त्यांच्या मूळ सुरावर आणल्या, दोरा सरकवला आणि छेडायला लागला. नाद भोपळ्यातून निघाला आणि भिंतीपर्यंत जाऊन परत आला. गुरुजींनी डोळे मिटले. पुढच्या रांगेतल्या दोघांनी कुजबुज थांबवली. आठ महिन्यांत पहिल्यांदा धोंडिरामाच्या समोर नानासो नव्हता, फक्त सूर होता.

नानासो मात्र खरोखरच समोर होता. तो उभा राहिला होता, हातात तसलाच चार कॅमेऱ्यांचा फोन. लेकीचं गाणं गावाकडं आईला दाखवायला त्यानं सकाळपासून व्हिडिओ कॉल लावला होता, तो तसाच चालू होता. त्या शांततेत त्याच्या आईचा, अंबूबाईचा, ठणठणीत आवाज फोनमधून बाहेर आला.

"नाना, आरं त्यो बाबा नुसती बोटं हलवतोय. आवाज कुठाय?"

लोक हसले. नानासोनं फोन कानाला लावला, परत डोळ्यांसमोर धरला, तंबोऱ्याकडं बघितलं. धोंडिरामानं खिशातून कागद काढला आणि स्टेजच्या कडेवर त्याच्यापुढं ठेवला. ती एक ओळ आणि तिच्यावरचं चहाचं गोल कडं. नानासोनं ते वाचलं, आणि त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलेलं सगळ्या सभागृहानं बघितलं. सूड म्हणतात तो हाच. काच फोडून नानासो एवढा फुटला नसता.

धोंडिरामानं वळून बघितलं. पडद्याजवळ संयोगिता उभी होती. तो तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, झालं ते झालं, तू आता सा लाव, तुझ्या गळ्याजोगा तंबोरा मी बांधून देतो, मला त्याचं काही नको. तो कान देऊन उभा राहिला, चाळीस वर्षं राहत आला होता तसा.

"बाबांनी मला विचारलं नव्हतं, काका," ती म्हणाली. "तुम्ही तरी विचारायचं होतं."

सा न लावताच ती पायऱ्या उतरून गेली.

त्यानंतर सांगलीत बऱ्याच गोष्टी झाल्या म्हणतात. अक्षताच्या दवाखान्यातली माणसं सांगतात, की नानासोच्या दुकानात आता गिऱ्हाईक आधी फोन लावून दाखवा म्हणतं आणि तो मुकाट्यानं सील तोडतो. हे ऐकून धोंडिरामानं हसायला पाहिजे होतं. तो ऐकतो आणि घोडी घासत राहतो.

त्याच्या भिंतीवर एक लहान तंबोरा टांगलेला आहे. तूण लाकडाचा, नक्षी नाही, भोपळा त्यानं चार गावं फिरून निवडलेला. तारा चढवलेल्या नाहीत, दांडीवर नावही घातलेलं नाही. इंदूरच्या बाई गुडघा बरा झाल्यावर मिरजेला आल्या, सगळे तंबोरे ऐकून गेल्या, आणि जाताना त्यांनी नेमकं त्या लहान तंबोऱ्याकडं बोट दाखवून किंमत विचारली. भामाबाईनं चहा ठेवता ठेवता सांगितलं, की त्यो द्यायचा न्हाई, त्याचा गळा अजून यायचाय.